नाळ कुठल्या टोकाला

१० नोव्हेंबर, सोमवार
माळ्यावरून माझा स्केटबोर्ड काढला. १९९९ साली गोरेगावच्या स्टुडिओत लाइटवाला होतो, तेव्हा एका सेटच्या भंगारातून उचललेला. रुंद, जाड, माशासारखा. चाकं मोठी, मऊ. एक टोक सपाट, दुसरं वर उचललेलं. झकास माल!
गार्गीचा नवीन बोर्ड बघा. लेकीने हट्ट करून घेतला. अरुंद, आणि दोन्ही टोकं सेम टू सेम. पुढचं कुठलं, मागचं कुठलं, पत्ता नाही. ज्याला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, नाही त्यावर आम्ही वर्सोव्याचे कोळी पाय ठेवत नाही.
गार्गी म्हणाली, पप्पा, चालव, पण आधी मला नीट बघू दे. का बघू दे? डाउट आला.

संध्याकाळी
पैज लावली. रविवारी जेट्टीच्या उतारावर रेस. मी जिंकलो तर दर रविवारी तिच्या ग्रुपमध्ये मला घ्यायचं. नववीत गेल्यापासून पोरगी घरात 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलते. ग्रुपमधल्या अल्पेश, समीक्षाबरोबर मात्र तासन्‌तास. काय बोलतात? माझ्याबद्दलच असणार.

११ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे साडेपाचला सराव. तसा अनुभव आहेच. ९९ साली दोनदा चालवलाय (बसून).

१२ नोव्हेंबर
सराव नाही. आईने रात्री कोळंबी केली होती, पोट जड.
बोर्ड जागचा हललाय. चाकांना तेल. मी लावलेलं नाही!

१३ नोव्हेंबर
आज सगळे नट आवळलेले. बायकोला विचारलं. शीतल म्हणाली, गार्गी बसली होती पाना घेऊन. पाना! म्हणजे घातपात. पुरावा बिघडू नये म्हणून सराव कॅन्सल.

१४ नोव्हेंबर
गार्गीने विचारलं, पप्पा, गुडघा बरा आहे ना? माझ्या गुडघ्याची चौकशी कशाला? वीक पॉइंट शोधतेय. ठणठणीत आहे म्हणालो. लंगडत बाथरूमला गेलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कहर झाला. बोर्डाच्या सपाट टोकाला खडूने बाण. खाली गार्गीच्या अक्षरात 'पुढे'.
वा गं वा! जन्मापासून होड्या बघतोय मी. नाळ नेहमी वर उचललेली असते, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोर पण सांगेल. मला उलटा चढवायला निघालीय, स्वतःच्या बापाला!
ओल्या फडक्याने बाण पुसला. उतार नुसता बघून आलो. मनातल्या मनात सराव झाला, फर्स्ट आलो.

१६ नोव्हेंबर, सकाळी ७
आज दाखवतो.

सकाळी ७.४०
वाट लागली.

दुपारी
डाव्या हाताने लिहितोय. उचललेल्या टोकावर पाय रोवला, नाळेवर रोवतात तसा. सगळा भार टाकला. मागचं टोक हवेत, बोर्ड पायाखालून पसार, आणि मी थेट सुकत घातलेल्या बोंबलांत. बोंबील आमचेच. आई म्हणाली, पडायचं तर पड मेल्या, माझे बोंबील का तुडवतोस?
गार्गी धावत आली. रडत होती. म्हणाली, अरे ती शेपटी आहे! जुन्या बोर्डाची शेपटीच फक्त वर असते. तू पडू नयेस म्हणून तेल घातलं, नट आवळले, खडूने बाण पण काढून ठेवला होता ना रे पप्पा!
मी म्हणालो, बाण? कसला बाण?
मग तिने माझाच बोर्ड सपाट टोक पुढे करून उतारावरून सोडला. काय गेली पोरगी! ऊर भरून आला. मनगट दुखत होतं म्हणून डोळ्यांत पाणी.

१७ नोव्हेंबर
मनगटाला क्रेप बँडेज. पैज हरलो. तरी गार्गी म्हणतेय, मनगट बरं झालं की दर रविवारी यायचं. जुना बोर्ड ती वापरणार, तिचा नवीन मला. म्हणाली, दोन्ही टोकं सारखी आहेत पप्पा, तू चुकूच शकत नाहीस.
यात काहीतरी डाव आहे. तरी जाणार आहे.