काळं ऑइल आणि हिचा भाऊ

४ मार्च, मंगळवार

फसवलं! आणि कोणी — तर हिच्या सख्ख्या भावाने!

कालच त्याच्या गॅरेजवर गाडीचं ऑइल बदलून आणलं. आधीची पेट्रोलची गाडी विकून ही डिझेलची घेतली. मला नवी, पण दहा वर्षं दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली. म्हणून म्हटलं, आधी ऑइल बदलू. घरचाच मेकॅनिक असताना बाहेर कशाला जा! आज गाडी बाजारात नेऊन आणली, बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी काढून फडक्याला पुसली. काळंकुट्ट! जुन्या गाडीत नवं ऑइल महिनाभर मधासारखं दिसायचं. हे म्हणजे काजळ!

काल वर तोंड करून मला शिकवत होता — "भाऊजी, दर पाच हजार किलोमीटरला काय बदलताय? दहा हजाराला बदला, नाहीतर वर्षाने." गिऱ्हाइकाला 'कमी वेळा या' म्हणणारा गॅरेजवाला जगात असतो का? आता कळलं. लवकर आलो असतो तर बिंग फुटलं असतं ना!

५ मार्च

ही म्हणते, "अहो, तो असं करणार नाही. अंगाखांद्यावर खेळवलाय मी त्याला." म्हटलं, अंगाखांद्यावर तू खेळवलास, ऑइल नाही. फडका दाखवला. बघितलासुद्धा नाही!

६ मार्च, गुरुवार

आज गॅरेजवर गेलो. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. शहाणा माणूस बाजूला बोलावून बोलला असता. मी सरळ पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"भाऊजी, डिझेलचं ऑइल —"

"राहू दे तुझं डिझेल! जुनं ऑइल तसंच ठेवून मला नव्याचं सांगतोस? घरच्यांनासुद्धा सोडलं नाहीस!"

हातातला पाना हातातच राहिला त्याच्या. एका गिऱ्हाइकाने गाडीची किल्ली मागून घेतली — "मी मग येतो." तो गेला तो गेलाच.

घरी येताना छाती फुगलेली होती. दारात पाय ठेवला आणि उतरली. माझ्या आधी बातमी पोचली होती!

८ मार्च

बोलणं बंद. ताट आपटलं जातं, त्यावरून समजायचं की जेवायला बसा. काल एवढंच म्हणाली — "आई गेली, बाबा गेले. माहेर म्हणून ते एक दार उरलं होतं. त्याला तुम्ही कडी घालून आलात."

पण मग ऑइल काळं का?

९ मार्च

मीठ कुठे आहे विचारलं. बोटाने दाखवलं.

१२ मार्च, बुधवार

कोळसा उगाळावा तितका काळा. ठरवलं — आता कोणावर विश्वास नाही, स्वतःच बदलायचं. चौथीपुढे शाळा पाहिली नाही, तरी सुतारकाम नुसतं बघून शिकलो. दारं, पलंग, जिने केले. गाडीखालचा एक बोल्ट काय मोठा!

बोल्ट सुटला तो धार सोडूनच. निम्मं ऑइल पाटीत, निम्मं माझ्या बाहीत. ही खिडकीत उभी होती. हसू आलं असणार, पण दाबलं. मी उठून बघितलं तर पडदा लावलेला!

नवा डबा, सीलबंद. सील मी फोडलं. ओतलं मी. झाकण मी लावलं. पट्टीवर कसं छान सोनेरी! आता बघतोच.

१३ मार्च

बाजारात जाऊन आलो. पट्टी काढली.

काळं!!

आता चोर कोण? डबा माझा, हात माझे. आरशात बघून ओरडू का?

१४ मार्च, शुक्रवार

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, नवा डबाच खराब आहे असं भांडायला. दुकानदाराने फडका पाहिला आणि हसत सुटला. "आजोबा, डिझेल ना? मग होणारच. आत काजळी असते, ती धुऊन काढणं हे ऑइलचं कामच. एका फेरीत काळं होतं. आधी पेट्रोलची चालवत होता वाटतं?"

"मग बदलायचं कधी हे कळणार कसं?"

"रंगावरून नाही. किलोमीटर बघून. तुमच्या गाडीला दहा हजार, नाहीतर वर्ष."

शब्द न् शब्द तोच! मेव्हण्याचाच!

कानशिलं तापली. उचलली जीभ, लावली टाळ्याला — दुसऱ्यांना ऐकवत आलो आजवर. फळीला हात लावून ओली की वाळकी ते सांगतो मी. घरचं माणूस मात्र इतक्या वर्षांत कळलं नाही.

१६ मार्च

गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो.

१९ मार्च, बुधवार

जाऊन आलो. चारचौघांत नाव घालवलं, तर चारचौघांतच भरून द्यायला हवं. गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हटलं — "चूक माझी. डिझेलमधलं मला काही कळत नाही. हा पोरगा सोन्यासारखा आहे." त्याने मान वर केली नाही. "राहू द्या भाऊजी," एवढंच. राग असणार, असू दे. मी तरी काय कमी बोललो होतो!

घरी सांगितलं. ही समोर बसली, माझ्या बाहीवरचा ऑइलचा डाग बघितला. "काढा तो शर्ट. भिजत घालते." किती दिवसांनी आवाज ऐकला!

२२ मार्च, शनिवार

मेव्हणा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर माझी वाट बघत उभा होता. डोळे खोल गेलेले. "भाऊजी, ऑइल नवंच घातलं होतं. पण ऑइलचा फिल्टर बदलला नाही. जुनाच ठेवला आणि बदलला म्हणून सांगितलं. नवा संपला होता, म्हटलं घरचीच गाडी आहे, कोण बघतंय. तुम्ही माफी मागितलीत तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. ताईला मी आजच सांगतो."

खाई त्याला खवखवे! अशी तिडीक आली की चारचौघांत उधळलेली स्तुतीची सगळी फुलं परत वेचून आणावीत. हातही उचलला होता. तो त्याच्या खांद्यावर पडला. "सोमवारी गाडी आणतो, फिल्टर बदल. आणि ताईला एक शब्द बोललास तर याद राख!"

घरी आलो. ही खिडकीतच उभी होती. म्हणाली, "कोपऱ्यावर भाऊ भेटला ना? बघा, मी सांगत नव्हते? तो तसा नाहीच!"

"नाहीच," म्हटलं.