अर्धी गिरणी आणि सगळी माफी

मुंगीच्याही पोटाची काळजी वाहणाऱ्या अल्लाहचे नाव घेऊन हा कागद सुरू करतो.

मी, दसूकी मुतवल्ली बसयूनी, वय एकोणपन्नास, राहणार मीत गम्र, धंदा खाद्य मिसळण्याचा, शिक्षण गावच्या शाळेत सहावीपर्यंत. येत्या शनिवारी मन्सूराच्या इस्पितळात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याआधी माझी शेवटची इच्छा मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझ्या मनात राग आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, हे मी आमच्या मशिदीचे इमाम शेख तलबा यांना विचारले. ते म्हणाले, रागाने माणूस वेडा ठरत नाही, पण लिहिलेले दोनदा वाचून बघ. मी तीनदा वाचले आहे.

कलम १. मला नदीपलीकडे आमच्या मूळ गावी, आईच्या शेजारी पुरावे. मांडव घालू नये, कर्णे लावू नयेत. शोकाची कडू कॉफी माझी पत्नी इन्साफ हिने घरच्या भांड्यात करावी. माझा थोरला भाऊ हाजी फरहात कॉफीचा खर्च देऊ करील. चार लोकांदेखत देऊ करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो खर्च घेऊ नये. जनाज्याला त्याने खांदा द्यावा, माझी हरकत नाही. मात्र त्याला मागची डावी बाजू द्यावी. पुलाच्या चढावर तिथे वजन जास्त येते.

कलम २. मला इन्साफ ही पत्नी आणि रदवा ही एकच मुलगी. मुलगा नाही, म्हणून देवाच्या कायद्याने दोघींचे हिस्से गेल्यावर उरते ते भावाकडे जाते. मित्र म्हणाले, हयातीतच सगळे मुलीच्या नावावर करून टाक, म्हणजे फरहातच्या हाती भोपळा. मी केले नाही. देवाने आखलेली रेघ माझ्या भांडणापायी मी पुसणार नाही. घर आणि गावाकडचा खजुरांचा तुकडा यांत फरहातला त्याचे मिळेल. घेताना त्याने रदवाच्या नजरेला नजर द्यावी. ते त्याला जमेल असे वाटत नाही.

आपल्या मालमत्तेचा एक-तृतीयांश मात्र माणूस वारसांबाहेर कोणालाही देऊ शकतो. माझ्या एक-तृतीयांशात माझी अर्धी गिरणी बसते. ती मी कोणाला देतो आणि का, हे कळण्यासाठी पुढचे कलम वाचावे.

कलम ३. वडिलांनी आम्हा भावांना कोंबडीखाद्याची गिरणी ठेवली: एक भरडयंत्र, एक गोळ्या पाडायचे यंत्र आणि मिसळणीचा मोठा ढोल. मी ढोलावर, फरहात गल्ल्यावर. मका कुबट आहे की नाही हे मी पोते न उघडता वासावरून सांगतो.

पुढे डॉलरसमोर आपला पौंड घसरला आणि परदेशी मांजरखाद्याची पिशवी माणसांच्या मटणापेक्षा महाग झाली. इकडे तर घराघरात, चौथ्या-पाचव्या मजल्यावरसुद्धा, मांजर आलेले. जो तो म्हणू लागला, आता खाद्य देशातच बनायला हवे. कोंबडीखाद्यवाले सगळे या धंद्यात उतरले. आम्हीही उतरलो. 'शहबंदर' हे नाव फरहातने शोधले. कृती माझी. मका, सोयापेंड, हाडांचा चुरा, दुम्यातहून आणलेली थोडी मासळीची भुकटी, वरून कोंबडीची चरबी. कोंबडीच्या खाद्यात मासळी वाढवली की मांजराचे खाद्य झाले, असे मी समजलो. पिशवीवर रदवाच्या लूझा नावाच्या मांजरीचे छायाचित्र छापले. तिचे डोळे मोठे होते, आणि लोक ते डोळे बघून पिशवी उचलत.

दीड वर्षाने लूझाची खुर्चीवरची उडी चुकली. दुसऱ्या दिवशी ती दाराच्या चौकटीवर आपटली. आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टर नर्मीन यांच्याकडे नेले. त्यांनी डोळ्यात दिवा मारून पाहिले, छातीला नळी लावली आणि ही काय खाते म्हणून विचारले. रदवाने अभिमानाने सांगितले, आमचेच खाते, दुसरे तोंडात घेत नाही. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवले. टॉरीन नावाचा एक पदार्थ आहे, तो मांसात असतो. कोंबडी तो आपल्या अंगातच तयार करते. मांजराला तो पुरेसा करता येत नाही, तो खाण्यातूनच मिळावा लागतो. मिळाला नाही तर आधी डोळ्यामागचा पडदा वाळतो, मग हृदय फुगते. हृदय कदाचित सावरेल, म्हणाल्या, डोळे परत येणार नाहीत.

हे मी केले. अजाणता केले, पण हात माझे होते. मांजराला कोंडून उपाशी मारणारी बाई नरकात गेली, हे मी लहानपणी मशिदीच्या ओट्यावर बसून ऐकले आहे. मी तर भरलेल्या वाडग्याने मांजरे उपाशी ठेवली. माझ्याही हृदयाची तपासणी झाली तेव्हा इथल्या डॉक्टरांनी तेच सांगितले, फुगले आहे. रदवा माझ्याकडे बघत राहिली.

कलम ४. आता फरहातने काय केले ते. डॉक्टरबाईंना बरोबर घेऊन मी नवी कृती बसवली: मका निम्म्यावर, कोंबडीची काळजे आणि मासळी वाढवलेली, आणि प्रत्येक ढोलात मोजून टॉरीनची पांढरी पूड. ती परदेशातून येते, महाग आहे. फरहातने एक महिना ती घातली. पिशवीवर ठळक अक्षरात 'टॉरीनयुक्त' छापून घेतले. नंतर पूड बंद केली, छपाई तशीच ठेवली.

मी गल्ल्यासमोर उभा राहून विचारले. तो पावत्या लावत होता, मान वर केली नाही.

"दसूकी, गिऱ्हाईक काय बघतं? रंग बघतं, भाव बघतं. मांजर काय दुकानात येऊन तक्रार करतं का?"

"दादा, आंधळी होतात ती."

"एवढं माहीत होतं तर आधी तू का केलीस?"

मी तिथून निघालो आणि दुकानादुकानांत जाऊन सांगू लागलो की शहबंदर घेऊ नका. आठ दिवसांत फरहातने शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात, चपला शोधणाऱ्या गर्दीत, रडवेल्या आवाजात सांगितले की आपल्या धाकट्या भावाच्या अज्ञानाने मुकी जनावरे आंधळी झाली, म्हणून काळजावर दगड ठेवून त्याला गिरणीबाहेर काढावे लागले. अर्धे खरे होते, म्हणूनच लोकांना पूर्ण पटले. अर्धी गिरणी कागदावर अजून माझी आहे, किल्ली त्याच्याकडे आहे. त्याच वर्षी तो हजला गेला. मुलांनी मला रस्त्यात 'आंधळ्यांचा दसूकी' म्हणायला सुरुवात केली. रदवाला कॉलेजात कोणीतरी शहबंदरच्या पिशवीवरचे लूझाचे डोळे कापून पाठवले.

कलम ५. माझी कृतीची निळी वही रदवाला. ती तिने कपाटात ठेवायची नाही. वहीचे शेवटचे पान, ज्यावर डॉक्टरबाईंची सही आहे, ते छापून मीत गम्र, झिफ्ता आणि मन्सूरातल्या प्रत्येक खाद्यवाल्याला फुकट द्यावे, भिंतींवर चिकटवावे. ज्याला बनवायचे त्याने बनवावे. फरहातने ही कृती माझ्याकडून विकत मागितली होती, वापरण्यासाठी नव्हे, दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून.

त्याच पानाच्या पाठीमागे विकत घेणाऱ्यांसाठी पुढील मजकूर छापावा, माझ्या नावासह:

लाल, हिरव्या, पिवळ्या गोळ्या घेऊ नका. मांजर रंगाला भुलत नाही, तो रंग तुमच्यासाठी आहे. पिशवीमागे पहिले नाव कशाचे आहे ते वाचा. मांस किंवा मासळी असेल तर पुढे वाचा, मका असेल तर खाली ठेवा. टॉरीन किती घातले ते विचारा. आकडा न सांगता जो हसेल, त्याच्याकडून घेऊ नका. उन्हात उघड्या पोत्यातले सुटे घेऊ नका, चरबी खवट होते. बोक्याला पाणी भरपूर पाजा, हाडांच्या चुऱ्याने त्याची लघवी तुंबते. कोंबडीखाद्य बनवणाऱ्या माणसावर आंधळा विश्वास ठेवू नका. हे मी तीस वर्षे कोंबडीखाद्य बनवून सांगतो.

कलम ६. माझी अर्धी गिरणी, ढोलासह, उम्म हाशिम हिला.

ती मासळीबाजाराच्या तोंडाशी सुकी मासळी आणि मांजरखाद्य विकते. आमचे काही नाते नाही. फरहातने तिच्याकडे शहबंदरची दहा पोती पाठवली, तेव्हा तिने एक मूठ पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि पेला फळीवर ठेवून दिला. फरहात वसुलीला आला तोवर पाणी भगव्या रंगाचे झाले होते आणि तळाशी भुसा बसला होता. बाजार भरलेला होता. तिने पेला त्याच्यासमोर धरला.

"हाजी, हे मांजराला घालू की भिंतीला फासू?"

दहाही पोती त्याला गाडीत घालून परत न्यावी लागली. तेव्हापासून तो मासळीबाजारातून जात नाही, वळसा घेऊन जातो.

या कलमाचा पहिला मसुदा वेगळा होता. त्यात मी लिहिले होते की माझ्या वाट्याचा ढोल घणाने फोडून नदीत टाकावा, म्हणजे शहबंदर बंद पडेल. शेख तलबांनी वाचले आणि कागद मांडीवर ठेवला.

"हे अल्लाहसाठी की फरहातसाठी?"

"खरं सांगू शेखसाहेब? फरहातसाठी."

"मग फाड. वारसाचं वाटोळं करायला मृत्युपत्र लिहिलंस तर जन्मभराची नमाज एका कागदावर घालवशील. त्याला एवढी किंमत देतोस?"

चार दिवस मी विचार केला. गिरणी उम्म हाशिमला द्यावी हे तोपर्यंत सुचले होते, आणि सुचताच जो आनंद झाला त्याची मला भीती वाटली. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारला. फरहात सज्जन असता, तरी मी गिरणी तिला दिली असती का? पहिल्या दिवशी उत्तर 'नाही' असे आले. चौथ्या दिवशी, पहाटेच्या नमाजनंतर, 'हो' आले. कारण गावात विकण्यापूर्वी खाद्य पाण्यात टाकून बघणारे माणूस ती एकटीच आहे. मी सुद्धा कधी टाकले नव्हते. तेव्हा हे कलम अल्लाहसाठी आहे. फरहातला रोज सकाळी ढोलाच्या दुसऱ्या बाजूला ती दिसेल, याचा मला आनंद होतो हे मी लपवत नाही, पण तो आनंद कलमात धरलेला नाही.

अट एकच. टॉरीनची पूड तिने स्वतःच्या हाताने टाकल्याशिवाय ढोल फिरणार नाही. मी हे तिला विचारले तेव्हा तिने मासळीचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "दे तर खरं. तुझा भाऊ मला दादागिरी शिकवील आणि मी त्याला मिसळण शिकवीन."

कलम ७. लूझा आठ वर्षांची आहे. तिचा वाडगा स्वयंपाकघरात डाव्या कोपऱ्यात असतो, तो तिथून हलवू नये, खुर्च्या सरकवू नयेत. तिला कोंबडीचे कच्चे काळीज आठवड्यातून दोनदा, बारीक चिरून. पिशवीवरचे तिचे छायाचित्र रदवाचे आहे, फरहातने ते कोणाला विचारून घेतले नव्हते. नवीन पिशवी निघेल त्या दिवशी ते काढावे. तिच्या डोळ्यांवर आणखी एक पिशवी विकली जाऊ नये.

माझी नमाजची चटई शेख तलबांना. माझे वजनकाटे उम्म हाशिमला नकोत, तिचे माझ्याहून बरे आहेत, ते इन्साफने विकावेत. इन्साफ, तुला मी कधी सांगितले नाही, गिरणीबाहेर काढल्यावर तू शेजारणींना जे सुनावलेस ते मी जिन्यात उभा राहून ऐकले होते.

कलम ८. हे शेवटचे कलम मालमत्तेचे नाही.

गेल्या शुक्रवारी फरहात पेरूंची टोपली घेऊन आला. ऑपरेशनआधी माणसे एकमेकांची माफी मागतात, तशी त्याने मागितली. पलंगाशी बसून म्हणाला, "झालं गेलं नदीला मिळालं, दसूकी. माफ केलं म्हण."

मी विचारले, "कशाची माफी, दादा? नाव घे."

तो पेरू पुसत राहिला. म्हणाला, "सगळ्याचीच."

मी भिंतीकडे तोंड केले. तो निघून गेला. पेरू आम्ही शेजारी वाटले.

देवाच्या कायद्याने माझ्या घराचा, जमिनीचा, भांड्याकुंड्यांचा हिस्सा ठरवला आहे आणि तो फरहातला मिळेल. पण माणसाने माणसावर केलेला अन्याय माणसानेच माफ करायचा असतो, ते देवानेही स्वतःकडे ठेवलेले नाही. माझी माफी हिस्स्यांत येत नाही आणि एक-तृतीयांशातही येत नाही. ती सगळी माझी आहे. ती रोखून ठेवल्याने इन्साफचे किंवा रदवाचे कणभर कमी होत नाही. शेख तलबांना मी हे दाखवले. दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, माफ करणे श्रेष्ठ. मी विचारले, बंधनकारक आहे का. म्हणाले, नाही.

तेव्हा मी ती पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. हाजी फरहात याने शुक्रवारच्या नमाजनंतर, मशिदीच्या त्याच दारात, त्याच आवाजात सांगावे की शहबंदरच्या पोत्यात टॉरीन नव्हते, ते आपल्याला माहीत होते, आणि तरी आपण छापले. माझी चूकही सांगावी, ती लपवू नये. त्याने हे केले, तर त्याच क्षणापासून माझी माफी त्याची, मी असो वा नसो. रदवाने त्याला काका म्हणून घरात घ्यावे आणि कॉफी करून द्यावी.

त्याने न केले, तर कयामतच्या दिवशी मी त्याची वाट बघत असेन. तिथे पावत्या लावाव्या लागत नाहीत, त्यामुळे मान वर करायला त्याला वेळ मिळेल. माझ्यामागे मांजरे उभी असतील. त्यातली काही माझ्याही विरुद्ध बोलतील, आणि मी त्यांचे ऐकून घेईन. पण त्याने सुद्धा ऐकले पाहिजे. तिथे त्यांना तक्रार करता येते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी पत्नी इन्साफ हिने करावी. याची एक प्रत माझ्या मृत्यूची वाट न बघता उद्याच हाजी फरहातला पोचवावी. शनिवारच्या आधी एक शुक्रवार येतो.

सही: दसूकी मुतवल्ली बसयूनी

साक्षीदार:
१. शेख तलबा अब्दुलगफ्फार, इमाम (कलम ८ माझ्या सल्ल्याविरुद्ध आहे, पण लिहिणारा शुद्धीवर आहे.)
२. झकी अशमावी, टपाल कारकून

मीत गम्र, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४