तुळशीच्या मातीतलं औषध

प्रिय राजेश्वरी,

तुझं डोहाळजेवण आटोपून राहुरीला सुखरूप पोचले. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या तुझ्या मावशीला तुझ्या सासरच्या, काष्टीच्या बायकांनी उखाणा घ्यायला लावला आणि तो अर्ध्यातच अडकला, ही बातमी एव्हाना सगळ्या बाजाराला कळली असेल. सासूबाई फार लक्ष ठेवतात म्हणून तू नाक मुरडलंस. पण डोहाळजेवणाच्या सकाळी रतनबाई चुलीपुढून ओरडल्या ते मी ऐकलं, ‘सुई घेतली का गं पोरी? न्हाईतर च्या न्हाई!’ अशी सासू मिळायला पुण्य लागतं. तू ते कधी केलंस, मला तरी आठवत नाही.

तू अंगणातून ‘घेतली’ म्हणालीस. मी तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन तुझ्या मागेच उभी होते. इन्सुलिनच्या पेनची सुई तुळशीच्या मातीत आणि तुझा अंगठा पेनवर दाबलेला. मला पाहून तू हसलीस. मीही हसले. त्या हसण्याची तीन दिवस लाज वाटते आहे. वर्गात एकच श्लोक दोनदा शिकवते. मुलींना वाटतं, बाई म्हाताऱ्या झाल्या.

तुझ्या शेजारच्या लंकाबाईंनी सांगितलं असणार, औषध नाळेतून बाळाला जातं, पुढे दुधातूनही. तुझी शंका खुळी नाही. काही गोळ्यांबाबत डॉक्टरही जपून असतात, म्हणूनच तुझ्या गोळ्या बदलून इन्सुलिन दिलं. काल शाळा बुडवून भिंगारच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. तुझं नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, इन्सुलिन नाळ ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ जातच नाही, वाढलेली साखर मात्र सरळ जाते. अंगावर पाजतानाही ते चालतं. तेव्हा मात्रा बदलावी लागते, ती डॉक्टरच ठरवतात, लंकाबाई नव्हे.

फोनवर मला रडू फुटेल, म्हणून आमच्या गल्लीतल्या आसारामचा टेम्पो काष्टीला निघालाय त्याच्या हाती हे देते आहे. राजी, ती तुळशीची युक्ती तुझ्याआधी माझी होती. तेवीस वर्षांपूर्वी. आयुर्वेदातले मधुमेहावरचे श्लोक मला तोंडपाठ, त्यामुळे डॉक्टरपेक्षा मलाच जास्त कळतं असा माझा समज. तुझे काका रिकामी सिरिंज बघायचे आणि निर्धास्त कामाला जायचे. नवव्या महिन्यात एका मंगळवारी पोटातली हालचाल थांबली. मावशीला देवानं दिलंच नाही, असं घरात सांगतात ना? दिलं होतं. मुलगी होती, चांगली सव्वाचार किलोची. रतनबाईंना मी काही बोललेले नाही. ते तू सांग, त्या रागावतील आणि मग तुझ्यापाशी बसतील. डॉक्टरांना आत्ता फोन कर, किती दिवस सुई चुकवलीस ते खरं सांग, आणि राहिलेलं औषध एकदम टोचून घेऊ नकोस. पण त्याआधी पोटावर हात ठेव. बाळ हललं की मला कळव. मी फोन हातात धरून बसले आहे.

तुझीच,
घाबरलेली मावशी