वरच्याचं ताट

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी ख्यालीखुशालीच्या आणि बाकी सगळी चौकशी माझ्या पोटाची. तर ऐक, मी जेवतो. चांगला चापून जेवतो. हिला जाऊन वर्ष होत आलं, आता तरी तू माझ्या वजनाची काळजी सोड.

जिथे सामना तिथे जेवण, असं आम्हा क्रीडा वार्ताहरांचं असतं. इथल्या फुटबॉलच्या मैदानात पायऱ्यांखाली आमच्यासाठी एक बिनखिडकीची खोली आहे. लांबलचक टेबल, त्यावर सूपचं पातेलं, पाव, उकडलेले बटाटे आणि आचारी ज्याला कोंबडी म्हणतो ते. ती कोंबडीच आहे का, यावरून आमच्यात दोन तट आहेत. चव बेताचीच, पण सगळं गरम असतं, आणि कोपराला कोपर लागून माणसं बसलेली असतात. संध्याकाळच्या पेपरातला लांबुटक्या, रेडिओवाल्या बाई, आणि एक फोटोग्राफर, ज्याला आम्ही 'मुका' म्हणतो कारण त्याचं तोंड मिटत नाही.

आमची एक रीत तुला सांगायची राहिली. मध्यंतर झाल्यावर खाली गेलं तर रांग लागते आणि सूप संपतं, म्हणून आम्ही जरा आधीच सटकतो. मग सामना कोण बघणार? तर आळीपाळीने एकजण वर थांबतो. त्याला म्हणायचं 'वरचा'. आम्ही खाली असताना गोल झालाच तर कुणी मारला, कसा मारला, कुठल्या पायाने, हे तो सांगणार आणि आम्ही ते जसंच्या तसं लिहिणार. वरच्याच्या शब्दावर शंका घ्यायची नाही. बदल्यात त्याचं ताट आम्ही भरून, झाकून वर नेतो आणि सगळ्यात मोठा तुकडा त्याचा. आजवर एकाही वरच्याने आम्हाला तोंडघशी पाडलेलं नाही.

हल्ली मी शाळकरी मुलांचे सामनेसुद्धा मागून घेतो. तिथेही जेवण असतंच. संपादकाला वाटतं म्हाताऱ्याला हुरूप आलाय. वाटेना का. दमायला होतं, गुडघे पायऱ्यांवर बोंब मारतात, पण चालायचंच.

थोरल्याचा फोन आला तर मामाने विचारलंय म्हणून सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. २० नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

(साठीला टेकलास, तरी पाकिटावर 'श्री.' आणि आत ठोंब्याच राहशील.)

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात सूप आहे, बटाटे आहेत, ती संशयित कोंबडी आहे. तुझं स्वतःचं स्वयंपाकघर कुठे आहे? सामना नसतो त्या दिवशी काय खातोस, ते एका शब्दाने लिहिलं नाहीस. मी काही पेपरात नोकरी केली नाही, पण कुठली बातमी दाबलीय एवढं मला कळतं.

तुझ्या शेजारीणबाईंना मी फोन केला होता. रागवायचं तर रागव. त्या म्हणाल्या, भाऊंच्या घरातून कितीतरी महिन्यांत स्वयंपाकाचा वास आलेला नाही, कचऱ्यात नुसती बिस्किटांची वेष्टनं असतात. तेव्हा तो हुरूपबिरूप तुझ्या संपादकाला सांग, मला नको. जेवणापायी तू मुलांचे सामने बघत हिंडतोस, हे मला न सांगता समजलं.

आणि हंगाम संपल्यावर काय करणार आहेस? उन्हाळाभर मैदानं बंद असतात ना? तेव्हा कुणाच्या टेबलाशी बसशील? इकडे ये म्हटलं की कामाचं निमित्त पुढे करतोस.

माझं ठीक चाललंय. तुझे भावोजी गेल्यापासून घर उगीचच मोठं झालंय. थोरला परमुलखातून दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, मी हो म्हणते. पुरे आता. हात दुखायला लागला.

माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर टाळतोय असं समजू नकोस. टाळतोयच.

इथे एक नवीन व्यवस्थापक आला आहे. त्याचं म्हणणं, वार्ताहर मंडळी काम सोडून जेवायला जातात. म्हणून त्याने खालची खोली बंद केली आणि आचाऱ्याला दुसऱ्या कामावर धाडलं. आता प्रत्येकाच्या खुर्चीवर पुठ्ठ्याचा एक खोका ठेवलेला असतो. त्यात थंडगार पाव, एक सफरचंद आणि कागदी रुमाल. जो तो आपापल्या संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून चावत बसतो. वरचा कुणी उरला नाही, कारण सगळेच वर. रेडिओवाल्या बाई म्हणाल्या, गाईगुरंसुद्धा एकमेकांकडे बघत खातात. मुकाही हल्ली गप्प असतो.

बाकी शेजारीणबाई खरं बोलल्या. सामना नसला की मी चहात बिस्किटं बुडवून उभ्याउभ्या खातो. स्वयंपाक येत नाही असं नाही, हिच्या आजारपणात मीच करत होतो. पण स्वतःपुरतं ताट वाढून घेतलं की घास तोंडातल्या तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. म्हणून ते टेबल. झालं समाधान?

फार दमलोय. थोडक्यात आटोपतो. रागलोभ दोन्ही असू दे.

तुझा,
धाकटा

ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत. उत्तर द्यायला तोंड नव्हतं. आता बाहेरून कानावर येण्यापेक्षा मीच सांगतो.

गेल्या शनिवारी मोठा सामना होता. मध्यंतराच्या आधी भूक लागली. सगळ्यांच्या पाठी बघत तो पाव खाववेना. खोका उचलला आणि पाय आपोआप जिन्याकडे वळले. खालच्या खोलीला कुलूप नव्हतं. दिवा लावला, माझ्या जागेवर बसलो आणि जेवलो. ताई, बऱ्याच दिवसांनी घास नीट उतरला. तेवढ्यात वर आरडाओरडा झाला. मी उठलो नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने वाटलं, वर कुणीतरी आहेच, सांगेल.

वर गेलो तर फळ्यावर एक गोल लागलेला. कुणी काही सांगितलं नाही, कारण मी तो पाहिला नाही हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि विचारायची मला लाज वाटली. मी धरून चाललो की गोल इथल्या संघाच्या नऊ नंबरच्या गड्याने मारला असणार. गेले दोन महिने तोच मारतोय. मध्यंतरानंतर तो मैदानात दिसला नाही, तेव्हा वाटलं, गोल मारल्यावर विश्रांती दिली असेल. घरी जाण्याआधी बातमी दिली. नऊ नंबरने डाव्या पायाने चेंडू कसा जाळ्यात धाडला, यावर एक आख्खा परिच्छेद. चांगला उतरला होता, गं.

नऊ नंबर माझ्या जिना उतरण्याबरोबरच लंगडत बाहेर गेला होता. गोल झाला तेव्हा तो बाकावर पायाला बर्फ लावून बसला होता. गोल समोरच्या संघाच्याच एका गड्याने स्वतःच्या जाळ्यात घातला.

गावभर हसू झालं. लांबुटक्या मात्र हसला नाही. एका शब्दाने विचारलं असतंस तर, म्हणून माझ्यावरच चिडला. संपादक माझ्या निम्म्या वयाचा आहे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, काका, आता दगदग नको, यापुढे कचेरीत बसून इतरांच्या बातम्या तपासा. मैदानाचा पास त्याने मागून घेतला.

नोकरी आहे, तक्रार नाही. पण माणसांत बसून जेवायचं कारणच हातून गेलं. मला आता भीती वाटते. संध्याकाळी कुलूप उघडून आत जायची भीती. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही, म्हणून तुला लिहिलं. तुझ्याकडे ये म्हणू नकोस. तिथे येऊन तुझ्या जिवाला आणखी एक ओझं व्हायचं नाही.

जमेल तेवढी आठवण ठेव.

तुझा,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नऊ नंबरचं वाचून आधी मी हसले. पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू. मग तू त्या बंद खोलीत खोका घेऊन एकटा बसलास ते वाचलं आणि पुढचं दिसेना. चष्मा पुसून वाचावं लागलं.

तुला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला बसले होते. दोन कागद फाडले. थोरला फोनवर विचारतो तेव्हा मी जेवलेली नसते. ओट्याशी उभी राहून कपभर दूध पिते आणि झालं जेवण म्हणते. तुझे भावोजी होते, मुलं होती, तेव्हा सगळ्यांना वाढून झालं की मी बसायची. आता वाढायला कुणी नाही, तर माझं बसायचंच राहून जातं. आणि या तोंडाने मी तुला दटावत होते.

तुला माझ्याकडे ये म्हणत नाही. मीच येते. येत्या शुक्रवारी दुपारच्या गाडीने. तुला सांभाळायला येते असं मनात आणू नकोस, माझ्या अंगात आता तेवढं त्राण नाही. येताना डबा आणणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. तुला जे येतं ते कर, खारट झालं, करपलं, तरी चालेल.

जन्मभर माणसांना वाढत आले रे. मला कुणी बसवून वाढलेलं आठवत नाही. तू मला वाढ. आणि आग्रह कर. मी नको नको म्हणेन, तरी कर.

मग तूही बस.

भेटीची वाट बघणारी, आणि खरंच भूक लागलेली,

तुझी,
ताई