नवव्या रस्त्याचा ठेका

३ मार्च, मंगळवार

पहिल्याच वळणावर मेले. अकरा वेळा!

आमच्या पडद्यांच्या कारखान्यातला कटर जेवणाच्या सुट्टीत हा गेम खेळत होता. जुन्या काळातल्या गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, एक लाल गाडी, मागे ढणढण संगीत. ठेका पडेल तेव्हाच वळायचं. केसभर पुढेमागे झालं की गाडी कठड्यावर, आणि परत पहिल्यापासून. असे नऊ रस्ते. "ताई, नववा अजून कुणाच्या बापाला जमलेला नाही," म्हणाला. मी हसले आणि सहज बनवणाऱ्याचं नाव वाचलं. दादा! आमचा दादा! हातातलं कापड सुटून खाली पडलं.

चार वर्षं झाली. नोकरी सोडून गेम बनवणार म्हणाला. आई म्हणाली, "खेळणीच करायची असतील तर माझ्या घरात नको." तो उठला तो गेलाच. पत्ता नाही, फोन नंबर बदललेला. आई त्याचं नाव काढत नाही. तिच्यासमोर मीही नाही.

गेम घरच्या टॅबवर घेतला. सुरुवातीलाच लिहिलंय — नऊही रस्ते पार करणाऱ्याने मला एक ओळ लिहावी, मी स्वतः वाचेन. त्याखाली: पोचलेले — ०.

मला ती ओळ लिहायचीय. कशीही करून.

४ मार्च, बुधवार

दुसरा रस्ता. मान आखडली.

७ मार्च, शनिवार

चौथा झाला!! एकटीच टाळ्या वाजवल्या.

आई मागून येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही. "डोळे कशाला फाडतेस एवढे? नुसतं बघून काही होत नसतं." मी टॅब उलटा ठेवला, पडद्यांची डिझाइनं बघतेय म्हणून थाप मारली. "बरं," म्हणाली आणि गेली. काही कळलं असेल का? छे, तिला फोनचा आवाज कमी करता येत नाही.

ओळीत काय लिहायचं ते ठरत नाहीये. कुठे आहेस? ये? नालायका? एका ओळीत चार वर्षं कशी मावायची!

१० मार्च, मंगळवार

सहावा. बोटं सुजल्यासारखी झालीत.

टॅबची बॅटरी म्हातारी झाली बहुतेक. सकाळी पूर्ण भरून जाते, कामावरून येते तर पाच टक्के. आईला विचारलं, तर फणकारली, "मी कशाला हात लावू तुझ्या त्या पाटीला?"

१३ मार्च, शुक्रवार

पोचलेले — १!

कोण?! कटरला विचारलं, तो म्हणे कुणीतरी लबाडी केली असणार, माणसाचं काम नाही ते. मला राहून राहून वाटतंय, कसं जमलं त्याला? कान कसे असतील त्याचे? आणि खरं सांगायचं तर जळफळाट होतोय. कुठल्या परक्या माणसाची ओळ दादाने माझ्या आधी वाचली. काय लिहिलं असेल त्याने? पोचलेल्यांची नावं आणि ओळी असलेली यादी शेवटाला पोचल्याशिवाय दिसत नाही.

१५ मार्च, रविवार

अखेर नववा रस्ता उघडला. आणि हा ठेका चक्क लंगडतो! आठ ठोके सरळ, नववा जरासा अडखळून. नेमकी तिथेच गाडी आपटते. नेटवर सगळे ओरडताहेत की ही गेममधली चूक आहे. पण दादा चूक ठेवणारा नव्हे. हा माणूस बुटांच्या नाड्या दोन्हीकडून मोजून बांधायचा. मुद्दाम केलंय त्याने. का पण?

साठ वेळा मेले. मोजलं.

१७ मार्च, मंगळवार

खेळायला वेळच नाही. आईने संध्याकाळभर दादाची कॉट रिकामी करायला लावली. चार वर्षांचे शिवणाचे गठ्ठे होते तिच्यावर. आजच का, विचारलं. "धूळ साठलीय," म्हणाली. धूळ काय आज साठली?

२१ मार्च, शनिवार

सापडलं! सापडलं!

दुपारी खेळत होते. मागच्या खोलीत आई उशीचे अभ्रे शिवत होती. आज अचानक गाडी आपटेना! एक वळण, दुसरं, पाचवं... मग मशीन थांबली, आणि गाडी धाडकन कठड्यावर.

आईची पायमशीन! तिचा चामडी पट्टा तुटला होता, तेव्हा शाळकरी दादाने तो जाड तारेने जोडला. नको तितक्या जाड. आठ टाके सरळ पडतात, मग ती तार चाकावरून जाते आणि टक् — मशीन अडखळते. दहादा म्हटलं, नवा पट्टा आणते. आईचं एकच, "चालतंय की!" तीच टक् त्याने नवव्या रस्त्यावर ठेवलीय. घर सोडून गेला आणि घरातलं हे एवढं बरोबर घेऊन गेला. मला रडूच आलं.

धावत आत गेले. "आई, अजून थोडं शिव ना."

"शिवायचं संपलं."

"मग काहीही शिव!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून ठेवला. "आज पाय दुखताहेत. उद्या चालवते."

२२ मार्च, रविवार

पोचले! आई दोरा न ओवता नुसतीच मशीन चालवत होती आणि मी डोळे मिटून वळत होते.

यादी उघडली. माझ्या वर एकच नाव. आई. १२ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

तिची ओळ: पट्टा अजून तोच आहे.

खाली दादाचं उत्तर, १७ मार्चचं: सोमवारी येतो.

उद्या!

मागची मशीन थांबलीय. आई तिथूनच विचारतेय, "तू काय लिहितेस?"