ओव्हिलाच्या शेतातलं वळण

८ जानेवारी
बर्फावर चालवायची माझी नवी गाडी, स्नोमोबिल, वळत नाही. हँडल उजवीकडे, पुढच्या दोन्ही स्की उजवीकडे, आणि गाडी नाकासमोर सरळ. आज म्हाताऱ्या ओव्हिलाच्या शेतातल्या वळणावर ट्रेलच्या खुणेच्या दोन काठ्या मोडल्या. कोणी पाहिलं नाही. ट्रेल कॅप्टन या नात्याने स्नोमोबिल क्लबच्या फळ्यावर नोटीस लावली: काही बेजबाबदार लोक काठ्या मोडत आहेत, गय केली जाणार नाही. खाली ठसठशीत सही. बरं वाटलं.

९ जानेवारी
ओव्हिला घरी आला. बूटही काढले नाहीत. म्हणाला, बर्फाखाली माझा लसूण आहे, वरचा बर्फ दाबला गेला की खाली गारठून मरतो. काठ्यांच्या बाहेर अजून एक जरी गाडी गेली तर माझ्या जमिनीतून ट्रेल बंद, मग तुमचा क्लब बसू दे बोंबलत. मी म्हणालो, त्या माणसाला मी शोधून काढतो.
ट्रेल बंद म्हणजे माझ्या बायकोचं, गिलेनचं, दुकान बंद. शेतापलीकडे जंगलात तिची सूप-कॉफीची खोली आहे. हिवाळ्यात तिथे गाडीवाल्यांशिवाय चिटपाखरू येत नाही, आणि आमचं घर त्याच्यावर चालतं. म्हणजे आमची चूल एका खडूस म्हाताऱ्याच्या लसणावर अवलंबून. संताप येतो.

१२ जानेवारी, दुपार
गिलेनचा भाऊ रेजाँ न बोलावता गॅरेजमध्ये हजर. त्याचं निदान: सस्पेन्शन. मागची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कसायची असते. ती सैल राहिली की माणूस बसल्यावर गाडीचं बूड खाली जातं, पुढचं तोंड वर येतं, मग स्की बर्फाला धरणार कशा?
जसं काही मला माहीतच नाही. पुस्तकात तक्ता आहे, त्याप्रमाणेच कसली आहे. कपड्यांसकट ब्याऐंशी किलो. लग्नात माझं वजन ब्याऐंशी होतं, आजही तेवढंच आहे. रेजाँ माझ्या पोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, दाजी, आमच्याकडे वासरं तोलायचा काटा आहे, येताय का?
हाकलून दिला.

१३ जानेवारी
मागच्या स्प्रिंगला हात लावणार नाही. दोष पुढे आहे. स्कीच्या स्प्रिंगा पार आवळल्या, खालच्या लोखंडी धारा नव्या बसवल्या. ट्रायल घेतली. हँडल इतकं जड झालं की दोन्ही दंड भरून आले. गाडी सरळच. यंदा बर्फच हलक्या प्रतीचा पडलाय, पण हे बोलायची कोणाची हिंमत नाही.

१७ जानेवारी
गिलेनने फीत आणली. मी बसायच्या आधी गाडीच्या शेपटाची उंची मोजली, मग मी बसल्यावर मोजली. म्हणाली, रोझेर, ही बसत नाहीये रे, लोळण घेतेय. स्प्रिंग कस, नाहीतर काट्यावर चढ.
मी म्हणालो, फीत जुनी आहे, ताणली गेलीय. बहीणभाऊ मिळून कट चाललाय.
संकल्प: आजपासून तुर्तिएर, म्हणजे खिमा भरलेला पाय, बंद. खिम्याचं नाव काढायचं नाही.
संध्याकाळी अर्धं तुर्तिएर उरलेलं दिसलं. अन्न टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२५ जानेवारी, रविवार
क्यूबेक सिटीच्या क्लबचे पाहुणे आले. वीसेक गाड्या, सगळ्यात पुढे मी. निघण्यापूर्वी हेल्मेट घालूनच दटावलं, माझा माग कोणी सोडायचा नाही, स्वतःची अक्कल चालवायची नाही.
वळण आलं. हँडल पूर्ण फिरवलं. गाडी काठ्यांमधून आरपार, लसणावरून थेट कुंपणापर्यंत. मागे वळून पाहिलं तर सगळे माझ्या पाठोपाठ आलेले. एकानेही माग सोडला नव्हता. इतकी शिस्त मी आयुष्यात पाहिली नाही.
ओव्हिला कुंपणाशी उभा होता. माझ्याकडे पाठ फिरवून घरी निघून गेला. हा उद्धटपणा झाला.

२६ जानेवारी
शेताच्या तोंडाशी आडवा ओंडका. ट्रेल बंद.
गिलेन सूपचं भरलेलं पातेलं घरी घेऊन आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, इतकी वर्षं राबून ती खोली उभी केली, तू एका वळणात घालवलीस. मी म्हणालो, कंपनीवर केस करू. ती म्हणाली, कंपनी नाही रे, तू.
चिडलो, पण मनातून घाबरलोही. तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी
गिलेन मला न विचारता माझी गाडी घेऊन ओव्हिलाकडे गेली. रेजाँने सगळं रंगवून सांगितलं. म्हाताऱ्यासमोर तिने ते वळण पुन्हा पुन्हा घेतलं. एक काठी हलली नाही. तोंडातला पाइप काढून म्हातारा बघत राहिला म्हणे. नंतर रेजाँने तिला वासरांच्या काट्यावर चढवलं. ती हसत चढली. हेल्मेट, बूट, सगळ्यासकट ब्याऐंशी.
म्हणजे सेटिंग बरोबरच होती! हे मी रेजाँला सांगितलं, क्लबमध्ये सांगितलं, पोस्टात रांगेत सांगितलं. कोणी अभिनंदन केलं नाही. जळतात.
ट्रेल उघडणार. ओव्हिलाची अट: कॅप्टन गिलेन. आणि त्याच्या जमिनीवर मी गाडीवर बसायचं नाही, पुढेही नाही नि मागेही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
गिलेन पाहुण्यांच्या पुढे, म्हणून खोलीवर मी. जंगलाच्या बाजूने चालत आलो, धाप लागली. वाटाण्याचं सूप ढवळलं, ब्रेड कापला. क्यूबेक सिटीवाले परत आलेत. हेल्मेट काढून शेकोटीशी बसले आणि नव्या कॅप्टनबाईंचं तोंड भरून कौतुक सुरू झालं.
त्यातल्या एकाने बाउल पुढे केला. म्हणाला, काका, मागच्या वेळी एक जाडा कॅप्टन होता बघा, आम्हाला सगळ्यांना शेतात घेऊन गेला. तुमच्याच गावचा ना? ओळखता का त्याला?
मी म्हणालो, नाही. आणि त्याला सूप वाढलं.