प्लग काढायचं काम

दादा,

गाडी नऊ टक्क्यांवर आहे, म्हणून आईला तपासणीला टॅक्सीने नेतेय. चार्जिंगचा प्लग रात्री पुन्हा बाबांनीच काढला. तीस वर्षं गॅरेज बंद करताना सगळे प्लग काढायची सवय, त्यात बॅटरी पेटते असं शेजारच्या काकांनी डोक्यात भरवलंय. समजावून समजावून मी थकले. तरी त्यांना बोलू नकोस. काल बॉनेट उघडून बराच वेळ उभे होते. म्हणाले, "यात माझ्या हाताला काही कामच नाही गं."

तेव्हा प्लग काढायचं काम त्यांनाच दे, फक्त सकाळी, शंभर टक्के झाल्यावर. तूच सांग. या गाडीचा हट्ट माझा होता, माझ्या तोंडून त्यांना तो टोमणा वाटेल.